आमची मशीद मुंबईला आहे

वाघूरकाठ (धागाकर्ता)

मंडळी, बरेच दिवस मनात घोळत होतं, आज लिहून टाकतो.

"आमची मशीद मुंबईला आहे" हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सहावी-सातवीत असेन. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत आमच्या आणि शेजारच्या क्वार्टरमध्ये एकच भिंत. माझे वडील लोको शेडला, शेजारचे काका गार्ड. मावशी पाचवारी नेसायच्या, गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या, आडनाव 'कर' लागलेलं, बोली कोकणातली. माझी आजी त्यांना कोकणातल्या ब्राह्मणच समजत होती. एका शुक्रवारी दुपारी तिने विचारलं, "तुमच्या घरात देव्हारा नाही दिसत गं?" मावशी म्हणाल्या, "आम्ही इस्रायल लोक, आई. आमची मशीद मुंबईला आहे." इस्रायल लोक म्हणजे बेने इस्रायल, मराठी बोलणारे ज्यू, हे मला पुढे कळलं. आजी गोंधळली. घरी येऊन बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "असू दे. बाई चांगली आहे."

त्या घरातलं जे आठवतं ते नोंदवून ठेवतो. शुक्रवारी सकाळी मावशी काळ्या मनुका पाण्यात भिजत घालायच्या. दुपारी फुगल्या की हाताने कुस्करून, मलमलच्या फडक्यातून पिळून गडद जांभळं सरबत काढायच्या. फडकं तीन वेळा पिळायचं, चोथा आम्हा पोरांना खायला. सूर्य मावळायच्या आत काचेच्या पेल्यात पाणी, वर तेल, त्यात वात. तो दिवा एकदा लागला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत चूल पेटायची नाही. शनिवारी सकाळी आमच्याकडचा चहा भिंतीवरून जायचा. मावशी मागायच्या नाहीत, आजी न विचारता द्यायची.

आणि दाराची चौकट. आत शिरताना उजव्या हाताला, खांद्याच्या उंचीवर, बोटाएवढी पत्र्याची नळी दोन खिळ्यांनी ठोकलेली. काका ड्यूटीवर निघताना हातात झेंड्या आणि कंदील असले तरी दोन बोटं तिला लावून ओठांना टेकवायचे. मला वाटायचं ही गार्ड लोकांची काहीतरी पद्धत असेल. वडिलांना विचारलंही होतं, तुम्हाला का नाही दिली ती नळी.

सत्तरच्या दशकात ते कुटुंब इस्रायलला गेलं. तेव्हापासून 'मुंबईची मशीद' डोक्यात होती. परवा दिवाळीत मुलाकडे गेलो तेव्हा मस्जिद बंदर स्टेशनला उतरून सॅम्युअल स्ट्रीटला गेलो. हातगाड्या, पोती, घाऊक बाजाराची गर्दी, आणि त्यात ते सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनागृह. शार हाराहामीम, म्हणजे दयेचं द्वार. स्थापना १७९६. मुंबईतलं सगळ्यात जुनं. आता उभी आहे ती इमारत १८६० ची.

आत पाऊल टाकलं आणि बाजाराचा आवाज मागे राहिला. मध्यभागी लाकडी कठड्याचा चौथरा, त्याला तेबा म्हणतात. पश्चिमेच्या भिंतीत हेखाल, म्हणजे तोराच्या, त्यांच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या ठेवण्याचं कपाट. पश्चिमेला अशासाठी की जेरुसलेम तिकडे. वर बायकांसाठी सज्जा. छताला टांगलेले काचेचे दिवे. मी खाली उभा राहून वर बघत होतो आणि मला मावशींचा तेलाचा पेला दिसत होता.

कुणाकडे खानदेशातल्या या लोकांच्या आठवणी असतील तर लिहा. नावं देऊ नका, आठवणी द्या.

यार्डातला_दिवा

वाघूरकाठ भाऊ, मी भुसावळलाच गार्ड म्हणून रिटायर झालो. तुम्ही लिहिलेले काका कोण ते मला कळलं, पण नाव घेत नाही.

एक गोष्ट सांगतो जी बाहेरच्यांना माहीत नसते. यांच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. तेरा वर्षांवरचे दहा. त्याला मिन्यान म्हणतात. नऊ असले तर तोराची गुंडाळी उघडत नाहीत, काही प्रार्थना म्हणताच येत नाहीत. आता भुसावळसारख्या ठिकाणी दहा कुठून आणायचे? रेल्वेत चार-पाच, तारघरात एक, पोस्टात एक, कुणाकडे आलेला पाहुणा. त्यात आमची ड्यूटी लिंक. एक जण खंडव्याला, एक इगतपुरीला, एक रनिंग रूममध्ये झोपलेला.

मी स्वतः दोनदा ड्यूटी बदलून दिली आहे. त्यांच्यात एकाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध होतं, म्हणजे आपण ज्याला वर्षश्राद्ध म्हणू ते. काद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायची होती आणि तीसुद्धा दहांशिवाय म्हणता येत नाही. नऊ जमले होते. दहावा माझ्या जागी मालगाडीवर निघालेला. मी डबा घेऊन लॉबीत गेलो आणि सांगितलं, ही गाडी मी नेतो. कंट्रोलला बसलेल्या साहेबांनी कुरकुर केली, मग सोडलं. परत आलो तेव्हा क्वार्टरवर माझ्यासाठी झाकून ठेवलेलं ताट होतं.

रोहा_ते_ठाणे

हा धागा मैत्रिणीने पाठवला. मी त्याच समाजातली. माहेर रोह्याकडचं, आता ठाण्यात असते. वडील पोस्टात होते आणि आम्ही चार वर्षं जळगावात काढली आहेत. यार्डातला_दिवा काका, तुमचा प्रतिसाद वाचून आईला फोन केला. तिला वाचून दाखवताना मलाच पुढे वाचता येईना.

थोडी भर घालते.

'मशीद' हा आमच्या घरातला रोजचा शब्द. सिनेगॉग हा शब्द नंतर शाळेतून आला. सॅम्युअल स्ट्रीटची ती 'जुनी मशीद', आणि १८४० ला निघालेली शारे रासोन ती 'नवी मशीद'. अजूनही म्हातारी माणसं तसंच म्हणतात. मस्जिद स्टेशनाचं नाव आमच्या जुन्या मशिदीवरून पडलं असं आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. मशिदीचा कारभारही आपल्याकडच्या गावकीसारखाच होता. मुकादम, चौगुला, गब्बाई म्हणजे खजिनदार, हझान म्हणजे प्रार्थना चालवणारे, काझी. मुकादम आणि चौगुला हे शब्द कुठले आहेत ते तुम्हीच बघा.

जुनी मशीद बांधणारे सॅम्युअल इझिकिएल दिवेकर. मराठीत सामाजी हसाजी दिवेकर. कंपनीच्या पलटणीत अधिकारी होते. म्हैसूरच्या लढाईत पकडले गेले. आमच्यात सांगतात ती गोष्ट अशी: कैद्यांना समोर उभं केलं आणि जात विचारली. हे म्हणाले, बेने इस्रायल. टिपूच्या आईने ते नाव कुराणात ऐकलं होतं, तिने त्यांना वाचवायला सांगितलं. सुटून आल्यावर त्यांनी देवाचे उपकार म्हणून ही मशीद बांधली. पुढच्याच वर्षी, १७९७ ला, मशिदीसाठी सेफेर तोरा, म्हणजे तोराची गुंडाळी, आणायला कोचीनला गेले आणि तिथेच वारले.

सणांची नावं सांगू का? रोश हाशाना म्हणजे नव्याचा सण. किपूर म्हणजे दारफळणीचा सण, कारण त्या दिवशी दारं लावून, पांढरे कपडे घालून, कडक उपास करून आत बसायचं. दुसऱ्या दिवशी शिळा सण, गाठीभेटी आणि दानधर्म. खिरीचा सणही असतो. पुरीम म्हणजे होळीचा सण. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दुःखाचा बिरड्याचा रोजा, त्या दिवशी मोड आलेल्या वालाचं बिरडं. हिब्रू नावं आम्हाला फार उशिरा कळली. ही आधीची.

पांझरा

उत्तम धागा. धुळ्यात इतिहास शिकवतो म्हणून थोडं लिहितो.

पुण्याचं लाल देऊळ आपल्याकडच्या बऱ्याच जणांनी बाहेरून पाहिलेलं असतं. वर्गात मुलं सांगतात, "सर, ते ज्यूंचं देऊळ, नव्वद फूट मनोऱ्याचं." तेही बेने इस्रायलांनी बांधलं असा समज आहे, पण ते बगदादी ज्यूंचं. डेव्हिड ससून १८३० च्या दशकात बगदादहून मुंबईला आले, व्यापारात मोठे झाले. लाल देऊळ त्यांनी बांधायला घेतलं, ते १८६७ ला पुरं झालं, पण ससून १८६४ लाच पुण्यात वारले. त्यांची कबर त्याच आवारात आहे. पुण्यातल्या बेने इस्रायलांनी रास्ता पेठेत स्वतःचं सिनेगॉग बांधलं ते १९२१ ला.

हा फरक महत्त्वाचा का, तर बगदादी लोक घरात अरबी बोलत, पुढे इंग्रजी. बेने इस्रायल आधीपासून मराठी. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली, ही त्यांची मूळकथा. त्यांच्याजवळ ग्रंथ राहिले नाहीत. तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. शेकडो वर्षं त्यांच्याकडे ना सिनेगॉग, ना तोरा. राहिलं काय? शनिवार, आठव्या दिवशीची सुंता, खवले आणि पर असलेलेच मासे, आणि 'शेमा इस्राएल', म्हणजे 'ऐक, इस्राएल', हे प्रार्थनेतलं एक वाक्य.

१८७४ साली पुण्यात छापलेली मराठी हग्गादा आहे. वल्हांडणाच्या सणाच्या रात्री वाचायचं पुस्तक. तिच्यात बिनखमिराच्या भाकरी करणाऱ्या बायकांचं चित्र आहे आणि त्या बायका लुगडं नेसलेल्या आहेत. १८८० च्या सुमाराला मुंबईत या समाजाने कीर्तनं सुरू केली. आपल्यासारखीच, आर्या, साकी, दिंडी, आख्यान. फक्त आख्यान अब्राहामचं, मोशेचं, योसेफाचं. माझ्या मते मराठी कीर्तनाच्या कोणत्याही अभ्यासात या कीर्तनांना स्वतंत्र प्रकरण मिळायला हवं. त्यांना तळटीपेत ढकलणं मला खटकतं.

बोरीकाठ_अमळनेर

भाऊ, वाचीसन डोयामा पानी उनं. मन्हा आजोबा पोस्टमा व्हतात. त्यासना साहेब याच समाजना व्हतात. आडनाव कोकनी, बोली मराठी, म्हनीसन गावमा समदासले ते कोकनस्थ बामनच वाटेत. आजोबाले खरं कितला तरी वरीसनी समजनं.

मंग एक सांगा, इतलं चांगलं चाललं व्हतं तं ते गयात कसाले?

रोहा_ते_ठाणे

बोरीकाठ दादा, हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेला आहे. रागाने नाही, मायेनेच.

इथे कुणी त्रास दिला म्हणून आम्ही गेलो नाही. हे आमचा प्रत्येक माणूस पहिल्यांदा सांगतो. वल्हांडणाच्या रात्री दरवर्षी 'पुढच्या वर्षी जेरुसलेमात' म्हणायचं आणि १९४८ ला ते खरंच शक्य झालं. काहींना धर्माची ओढ होती. काहींना वाटलं, इंग्रज गेले, आता रेल्वे, पोस्ट, कस्टम या नोकऱ्यांत आपलं कसं होणार. आणि एकदा भाऊ गेला की बहीण जाते, बहिणीमागे आई-वडील. १९५१ च्या जनगणनेत देशात सगळे ज्यू मिळून सव्वीस हजारांच्या वर होते. २०११ ला साडेचार हजारांच्या आसपास, त्यातले निम्म्याहून जास्त महाराष्ट्रात.

तिकडे सगळं सरळ झालं असंही नाही. तिथल्या धर्मपीठाने साठच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या लग्नांच्या वेळी पूर्वज तपासायला सांगितलं. तुम्ही खरे ज्यू का, असं. शनिवार पाळला म्हणून ज्यांना शनिवार तेली म्हटलं गेलं त्यांना हे विचारलं. आमच्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं आणि १९६४ ला सरकारला जाहीर करावं लागलं की बेने इस्रायल सर्व बाबतीत ज्यू आहेत. माझा मामा त्या धरण्याला बसला होता. तो म्हणायचा, घोषणा आम्ही मराठीत दिल्या, कारण राग मराठीतच येत होता.

केळीपट्टा

आम्ही रावेरकडचे. माझ्या आईची मैत्रीण भुसावळला होती, याच समाजातली. बहुतेक धागाकर्त्यांच्या मावशीच, पण खात्री नाही. आई सांगायची, त्यांच्याकडे एक कार्यक्रम असे, पोहे, साखर, खोबरं आणि वर फळं.

रोहा_ते_ठाणे

मलिदा! एलियाहू हानाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, नावाने. घरात काही चांगलं झालं, नवस फेडायचा असला, कुणी परीक्षा पास झालं, लांबच्या प्रवासाला निघालं की मलिदा. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची, मनुका, मधोमध ढीग आणि भोवती फळं. एलियाहू हानाबी आमच्या कोकणात येऊन गेला असं आम्ही मानतो. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाच्या चाकाची खूण दाखवतात.

केळीपट्टा

तेच. आई केळी घेऊन जायची. नुसती नाही, अख्खी फणी, डाग नसलेली निवडून. वडील बागेत स्वतः बघून काढायचे. म्हणायचे, देवाच्या नावाची आहेत, कमी प्रतीचा माल नको.

वाघूरकाठ (धागाकर्ता)

केळीपट्टा ताई, त्या मावशी आमच्याच. केळीची फणी मला आठवते. पितळी परातीत पोह्यांभोवती ती गोल मांडायच्या. ओला नारळ मात्र भुसावळात तेव्हा सहज मिळत नसे. काका मुंबईहून गाडी घेऊन आले की ब्रेकव्हॅनमधून नारळ उतरायचे. नारळ लागायचा कशाला? मटणाच्या जेवणात दूध-तूप चालत नाही, म्हणून खीर, हलवा सगळं नारळाच्या दुधात. नव्याच्या सणाला गव्हाच्या चिकाचा हलवा, त्यालाही तेच. मावशी नारळ हलवून कानाशी धरायच्या, आतलं पाणी ऐकायच्या.

मासळीचंही पांझरा सरांनी लिहिलं तसंच. तापीवरून मासे घेऊन येणारी बाई होती. पहिल्यांदा तिने वाम आणि मांगूर पुढे केले. मावशींनी मान हलवली, रोहू उचलला, नखाने एक खवला उलटा करून तिला दाखवला. नंतर कधी सांगावं लागलं नाही. ती टोपली उतरवायच्या आधीच बिनखवल्याची मासळी खाली सरकवायची.

पांझरा

वाघूरकाठ, हे तर थेट जुन्या कथेतलं! डेव्हिड राहाबी नावाचे बाहेरचे ज्यू गृहस्थ कोकणात आले तेव्हा हे लोक खरंच ज्यू आहेत का हे पाहायला त्यांनी बायकांपुढे सगळ्या जातींचे मासे ठेवले, असं सांगतात. बायकांनी खवले-पर असलेले तेवढे वेगळे काढले. मग राहाबींनी त्यांना प्रार्थना शिकवल्या.

यावरून यार्डातला_दिवा यांच्या प्रतिसादाकडे परत येतो. आपण सगळे 'खानदेशात सिनेगॉग नाही' असं धरून बोलतोय. पण जुनी मशीद १७९६ ची. त्याच्या आधी मुंबईत नाही, कोकणातही नाही. तेव्हा घरातच प्रार्थना, घरातच लग्नं. म्हणजे भुसावळच्या क्वार्टरमध्ये दहा माणसं गोळा करून जे चालायचं, ती मशिदीच्याही आधीची रीत आहे.

यार्डातला_दिवा

सर, बरोबर बोललात. मागच्या खोलीत ट्रंका एकावर एक रचून वर पांढरी चादर टाकायचे. तोंड पश्चिमेला. पश्चिमेला आमचं यार्ड होतं. शंटिंगचा आवाज आला की म्हणणारे थांबायचे, डबे जुळले की पुढे सुरू.

रोहा_ते_ठाणे

ट्रंका आणि चादर. जळगावातही हेच होतं. आमच्याकडे शिवणयंत्राचं टेबल.

एक दुःखाची गोष्ट लिहिते. आज उलटं झालंय. अलिबागच्या इस्रायल आळीत मागेन आबोथ आहे, १८४८ ची स्थापना, आत्ताची इमारत १९१० ची. पनवेलला बेथ एल आहे, १८४९ चं. रेवदंड्याला आहे. इमारती झाडून-पुसून ठेवलेल्या, दिव्यांत तेल घातलेलं. पण लहान गावांत दहा माणसं नाहीत. सणासुदीला ठाण्या-मुंबईहून गाड्या करून जातो तेव्हा दहा होतात. मागच्या वेळी एका गावी नऊ झाले. आम्ही बायका वर सज्जात. खाली पुरुष दाराकडे बघत बसलेले. अर्ध्या तासाने इस्रायलहून आपलं गाव बघायला आलेला एक तरुण आत आला, मराठी धड येत नव्हतं. हझानांनी त्याला काही विचारलंच नाही. नुसता हात धरून आत घेतलं आणि हेखाल उघडलं.

बोरीकाठ_अमळनेर

ताई, आते काय बोलानं तेच समजत नही.

वाघूरकाठ (धागाकर्ता)

धागा सुरू केला तेव्हा इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार.

काल मुद्दाम जुन्या कॉलनीत जाऊन आलो. आमचं क्वार्टर पडलंय, मावशींचं उभं आहे. तिथे आता दुसरं बिऱ्हाड आहे, मुलगा ट्रॅकमन आहे, बिहारकडचा. मी का आलोय ते सांगितलं तर त्याने खुर्ची आणून दिली. चौकटीवर रंगाचे किती थर चढलेत. मी बोटाने चाचपून पाहिलं. उजव्या हाताला, खांद्याच्या उंचीवर, लहानपणी जे डोक्याच्या वर होतं ते आता माझ्या खांद्याशी, दोन बारीक भोकं आहेत. एकाखाली एक, बोटभर अंतर. मधली जागा आजूबाजूच्या लाकडापेक्षा किंचित खोल, तिथे रंगाचे थर कमी आहेत.

रोहा ताई, एक विचारायचं आहे. नळी त्यांनी काढून नेली असेल ना? मोडली किंवा फेकली गेली नसेल?

रोहा_ते_ठाणे

नेलीच असेल, दादा. तिला मेझुझा म्हणतात. आत चर्मपत्राची बारीक गुंडाळी असते, तिच्यावर हाताने शेमा लिहिलेला असतो. पुढे राहायला येणारं घर ज्यू नसेल तर ती काढून बरोबर न्यायची असते. मावशींनी गाडीत बसण्याआधी सगळ्यात शेवटी तीच काढली असणार. आम्ही जळगाव सोडलं तेव्हा बाबांनी स्क्रू ड्रायव्हर नव्हता म्हणून चमच्याने खिळे उचकटले होते. तो चमचा अजून वाकडा आहे, आई चहाला वापरते.

वाघूरकाठ (धागाकर्ता)

बरं वाटलं.

त्या मुलाने वरच्या भोकात खिळा मारलाय. ड्यूटीवर जाताना किल्ली तिथे अडकवतो. मी बघत असतानाच त्याची बायको बाहेरून आली आणि चौकटीला हात लावून किल्ली काढली.